गाडीचे ब्रेक अपग्रेड करावेत का? रस्ता, घाट आणि ट्रॅक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न अनेकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. बहुतेक जण रोज ऑफिसला गाडी नेणारे आणि सुट्टीत कोकणात उतरणारे आहेत. वर्षातून एखाद्या ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, जाणारे थोडे. उत्तरं पेट्रोल-डिझेल मोटारी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी प्रश्न 18 पाहा.

1. महागडे ब्रेक बसवले की गाडी कमी अंतरात थांबते का?

एका जोरदार ब्रेकपुरतं बोलायचं तर नाही, आणि हे आधी मनात पक्कं बसलं पाहिजे. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. रिकाम्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर पेडल पूर्ण दाबून पाहा. पायाखाली एबीएसची (चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) धडधड जाणवली, तर टायर पेलू शकतो त्याहून जास्त ताकद तुमच्या ब्रेकमध्ये आधीच आहे. कॅलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला पॅडने दोन्ही बाजूंनी आवळणारा भाग) कितीही मोठा लावा, टायर तोच असेल तर थांबायचं अंतरही जवळपास तेच राहणार.

चांगल्या टायरची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून कोरड्या डांबरावर साधारण 40 ते 45 मीटरमध्ये थांबते. त्याच वेगात एक सेकंद उशिरा ब्रेक दाबला, तर गाडी तेवढ्यात 28 मीटर पुढे गेलेली असते. हे 28 मीटर कोणतंही ब्रेक किट परत देत नाही. रस्त्यावरचं अंतर कमी करायचं असेल तर पहिला पैसा चांगल्या टायरवर खर्च करा. खाचांची खोली कायद्याने 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते, पण पावसाळ्यात त्या मर्यादेपर्यंत थांबू नका.

2. मग ब्रेक अपग्रेड करून मिळतं तरी काय?

उष्णता पेलायची ताकद मिळते. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करून ती हवेत सोडणारं यंत्र. पहिल्या ब्रेकला सगळेच ब्रेक चांगले असतात. दहाव्या, पंधराव्या, विसाव्या ब्रेकलाही ते तसेच लागतात का, हा खरा प्रश्न आहे.

बोरघाटाचं गणित करू. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना उंची साधारण 550 मीटरने कमी होते. माणसं आणि सामान धरून 1500 किलोची गाडी असेल, तर या उतारावर सुमारे 80 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी 100 वरून पूर्ण थांबायला हीच गाडी पावणेसहा लाखांच्या आसपास ज्यूल सोडते. म्हणजे हा घाट उतरणं हे ताशी 100 वरून चौदा वेळा थांबण्याइतकं काम आहे. तेवढ्या उष्णतेत 25 लिटर पाणी उकळेल, एक बंब भरून. यातला बराच भाग हवा, टायर आणि इंजिन घेतात, आणि घेऊ दिलाच पाहिजे. कसा, ते प्रश्न 16 मध्ये आहे. जो उरतो तो डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइलच्या वाट्याला येतो.

3. मी शहरात चालवतो, महिन्यातून एकदा एक्सप्रेसवे. मला काही बदलायला हवं का?

नाही. कंपनीचे ब्रेक नीट राखा, एवढंच पुरे. टायर, ताजं ब्रेक ऑइल आणि चांगल्या कंपनीचे पॅड यापलीकडे खर्च करू नका.

4. पण माझ्या गाडीचे ब्रेक खरंच कमी लागतात. मग अपग्रेड करू ना?

आधी दुरुस्ती करा. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गाडीत देखभाल राहून गेलेली असते. मेकॅनिककडे उभं राहून या गोष्टी पाहून घ्या.

कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना. आपल्याकडच्या धुळीत आणि पावसात त्यांचं ग्रीस संपतं, पिना अडकतात आणि दोन पॅडपैकी एकच काम करतो. ओळखायचं कसं? एकाच चाकाचा आतला पॅड झिजून पत्रा दिसायला लागलाय आणि बाहेरचा निम्मा शिल्लक आहे, असं असेल तर पिना बघा. उपाय म्हणजे साफसफाई आणि ब्रेकसाठीचं खास ग्रीस. साधं ग्रीस उष्णतेने वितळतं आणि रबराचे बूट खराब करतं.

मागच्या ड्रममधले लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक अडवणारे पट्टे. झिजेप्रमाणे त्यांना ड्रमजवळ आणणारा ॲडजस्टर अडकला की पेडल खोल जातं आणि हँडब्रेक वरच्या दातापर्यंत येतो. ड्रम उघडून साफ करून ॲडजस्ट केले की पेडल परत वर येतं. मी अशा गाड्या पाहिल्या आहेत, ज्यांचे मालक किटची किंमत विचारायला आले आणि ड्रम साफ करून समाधानाने घरी गेले.

पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालाय का, रबरी पाइपांना तडे गेलेत का, डिस्कच्या कडेला धार आली आहे का, तेही पाहा. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर नेऊ नका, बदला. आणि शेवटचं ब्रेक ऑइल कधी बदललं ते आठवून पाहा. आठवत नसेल तर पुढचा प्रश्न तुमच्यासाठीच आहे.

5. ब्रेक ऑइल बदलणं एवढं महत्त्वाचं का? टाकीत तर भरलेलं दिसतं.

भरलेलं आहे म्हणजे चांगलं आहे असं नाही. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही. ग्लायकॉल जातीचा हा द्रव हवेतलं पाणी शोषून घेतो. मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या दमट हवेत तर हमखास. पाणी शिरलं की त्याचा उत्कलनांक खाली येतो. मग घाटात कॅलिपर तापला की द्रव उकळतो आणि पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल स्पंजासारखं होऊन खाली जातं आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही.

दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. फक्त टाकीत वरून भर टाकणं म्हणजे बदलणं नव्हे. जुनं ऑइल चारही चाकांवरून काढून, एअर काढून घेतली पाहिजे. खर्च एखाद्या हॉटेलातल्या जेवणाएवढा. सगळ्या अपग्रेडमध्ये मी हेच पहिलं सांगतो आणि लोक हेच शेवटी करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक इशारा: त्या टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल चुकूनही पडू देऊ नका. खनिज तेलाने आतली सगळी रबरं फुगतात आणि अख्खी यंत्रणा बदलावी लागते.

6. डॉट 3, 4, 5, 5.1 यांत मोठा आकडा तेवढा चांगला का?

नाही, मधला 5 वेगळाच आहे. डॉट ही ब्रेक ऑइलची मानकं. त्यांच्याप्रमाणे कमीत कमी उत्कलनांक असे: डॉट 3 ताजं असताना 205 अंश सेल्सियस आणि पाणी शोषल्यावर 140, डॉट 4 चे 230 आणि 155, डॉट 5.1 चे 260 आणि 180. हे तिन्ही ग्लायकॉलचे आहेत. डॉट 5 सिलिकोनचं असतं. ते बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीला नको.

रोजच्या गाडीला कंपनीने सांगितलेलं, बहुधा डॉट 4, पुरेसं आहे. ट्रॅकसाठी रेसिंगची ऑइल मिळतात. मोटूलच्या आरबीएफ 600 चा ताजा उत्कलनांक 312 अंश आहे. अशी ऑइल जास्त वेळा बदलावी लागतात.

7. पॅड कोणते घेऊ? ट्रॅकचे पॅड रोज वापरले तर?

रोजच्या वापरासाठी ट्रॅकचे पॅड घेऊ नका, हे निक्षून सांगतो. रेसचा पॅड तापल्यावर पकड धरतो. सकाळी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना तो थंड असतो आणि समोर पोरगं सायकल घेऊन आलं, तर तुमच्या मूळ पॅडपेक्षा कमी लागेल. शिवाय किंचाळतो, रिमवर काळी भुकटी सांडतो आणि डिस्क खातो.

घाटात नेहमी जात असाल, तर चांगल्या कंपनीचे जास्त तापमान झेलणारे रस्त्याचे पॅड घ्या. ब्रेक ऑइलनंतर पैशाचं सर्वांत जास्त मोल इथे मिळतं. अनेक पॅडच्या पाठीवर दोन इंग्रजी अक्षरांचा संकेत छापलेला असतो. त्यातलं ई म्हणजे घर्षणांक (पकडीचं माप) 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. पहिलं अक्षर कमी तापमानाचं, दुसरं जास्त तापमानाचं. पण यावरून पॅड किती तापमानापर्यंत टिकेल ते कळत नाही. त्यासाठी कंपनीने दिलेली तापमानाची मर्यादा पाहा.

नकली पॅडांपासून सावध राहा. खोक्याची छपाई हुबेहूब असते. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत कुणी नामांकित पॅड देत असेल, तर तो पॅड त्या कंपनीचा नाही असंच धरा.

8. नवे पॅड टाकल्यावर ते ‘बसवावे’ लागतात म्हणजे काय?

पॅडच्या मालाचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढवावा लागतो, त्याला बेडिंग म्हणतात. पॅडच्या कंपनीने कृती दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर साधारण अशी: पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 10 पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा. प्रत्येक वेळी मध्ये थोडं चालवायचं. पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेला पॅड एका जागी दाबला गेला की तिथे त्याचा ठसा उमटतो. शेवटी आठ-दहा किलोमीटर ब्रेक फारसा न लावता चालवून गार होऊ द्या. हे न केलेल्या गाडीचे ब्रेक पहिले काही दिवस कमी लागतात. पॅड बदलून त्याच दिवशी घाट उतरू नका.

9. भोकं पाडलेल्या की खाचा असलेल्या डिस्क घेऊ?

रस्त्यासाठी साध्या, चांगल्या ओतकामाच्या डिस्क घ्या. भोकं दिसायला देखणी असतात, पण डिस्कचं लोखंड तेवढं कमी होतं आणि उष्णता साठवायला लोखंडच लागतं. ट्रॅकवर भोकांच्या कडांपासून तडे जातात. खाचा त्या मानाने बऱ्या. पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवतात, पण पॅड लवकर झिजवतात आणि थोडा आवाज करतात. पुढच्या डिस्क आतून पोकळ, हवा खेळणाऱ्या आहेत का, हे भोका-खाचांपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

10. स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप टाकल्याने फरक पडतो का?

पेडलच्या स्पर्शात पडतो, अंतरात नाही. रबरी पाइप दाबाने किंचित फुगतो, जाळीचा फुगत नाही. तुमचे रबरी पाइप दहा वर्षांचे असतील, तर नवे रबरी टाकूनही बराचसा फरक जाणवेल. जाळीचे घेतलेच तर दर्जेदार घ्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून पाइप कुठे घासत नाही ना, ते पाहा.

11. मागचे ड्रम काढून चारही डिस्क करून घेऊ का?

हा प्रश्न हॅचबॅकवाले सर्वांत जास्त विचारतात. माझं उत्तर नाही असं आहे.

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. त्यामुळे लहान गाडीत बहुतेक काम पुढचेच ब्रेक करतात. मागच्या ड्रमवर एवढा भार नसतो की ते साध्या वापरात थकतील. आता तिथे दुसऱ्या मॉडेलची डिस्क आणली तर काय काय बदलतं बघा. पुढे-मागे दाब वाटण्याचं प्रमाण बिघडतं. मागची चाकं आधी अडकली तर गाडी गोल फिरते. एबीएसचं गणित मूळ ब्रेकवर बेतलेलं असतं. हँडब्रेकची रचना बदलते. मास्टर सिलिंडरला (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाला) किती द्रव ढकलायचा, तेही बदलतं. कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला मागे डिस्क दिली असेल, तर त्याचा मास्टर सिलिंडर, एबीएस युनिट आणि हँडब्रेकच्या तारांसकट सगळं आणावं लागेल. तेवढ्या पैशात टायर, पॅड, ऑइल सगळं येतं आणि उरतं.

12. बिग ब्रेक किट कधी घ्यावं?

बिग ब्रेक किट म्हणजे मोठ्या डिस्क आणि मोठे कॅलिपर यांचा संच. तुमचे सध्याचे ब्रेक उष्णतेने हरतायत हे ट्रॅकवर पुन्हा पुन्हा अनुभवलं असेल, रेसचं ऑइल आणि योग्य पॅड टाकूनही हरत असतील, तर. त्याआधी नाही.

मोठी डिस्क जास्त उष्णता पेलते, हा पहिला परिणाम. दुसरा तरफेचा आहे. व्यास दहा टक्क्यांनी वाढला, तर तेवढ्याच पायाच्या जोरात जवळपास दहा टक्के जास्त ब्रेक लागतो. पायाला हलकं वाटतं म्हणून लोकांना ‘लवकर थांबली’ असं वाटतं. फक्त पुढे मोठं किट लावलं की पुढची चाकं लवकर मर्यादेला पोहोचतात, मागच्या टायरांची पकड वापरलीच जात नाही आणि अंतर वाढूही शकतं. कॅलिपरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ मूळपेक्षा बरंच जास्त असेल, तर पेडल लांब जातं. म्हणून त्याच गाडीसाठी गणित करून बनवलेलं किटच घ्या. सुटे भाग जुळवून, वेल्डिंग केलेल्या ब्रॅकेटवर कॅलिपर टांगू नका. ब्रॅकेट तुटलं तर त्या चाकाचा ब्रेक गेलाच, शिवाय ऑइल सांडून त्याच्या जोडीचं सर्किटही जातं.

लाल प्लॅस्टिकचं कॅलिपर कव्हर लावू नका. ते उष्णता कोंडून ठेवतं.

13. इंजिन रीमॅप केलं, 17 इंची अलॉयही टाकली. आता तरी ब्रेक हवेत ना?

रीमॅपमुळे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवल्याने, गाडी दोन वळणांमध्ये जास्त वेग घेते आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. त्यामुळे पॅड आणि ऑइल बदलणं योग्यच. अलॉय मात्र मूळपेक्षा जड असेल, तर ब्रेकला जास्त जड चाक थांबवावं लागतं. टायरचा बाहेरचा व्यास वाढला असेल, तर तरफही उलट्या बाजूने काम करते. मूळ मापाच्या जवळ परत जाणं हाही एक अपग्रेडच.

14. पहिल्यांदाच ट्रॅक डेला जातोय. गाडी मूळ आहे. काय तयारी करू?

आपल्याकडे बहुतेक जण चेन्नईजवळच्या 3.7 किलोमीटरच्या ट्रॅकवर, कोइम्बतूरच्या 2.1 किलोमीटरच्या करी स्पीडवेवर किंवा ग्रेटर नोएडाच्या 5.1 किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर जातात. ब्रेकसाठी तिन्ही वेगळे. करी छोटा आहे, ब्रेकला गार व्हायला वेळ मिळत नाही. बुद्धवर किलोमीटरभर लांब सरळ पट्टा आहे, त्याच्या टोकाला एकाच ब्रेकमध्ये प्रचंड ऊर्जा जिरवायची असते. 1200 किलोची गाडी ताशी 170 वरून 80 वर आणताना दहा लाख ज्यूल उष्णता होते. ताशी 100 वरून पूर्ण थांबण्याच्या दुपटीहून जास्त, आणि हे एकाच वळणापाशी.

तयारी अशी. ऑइल नवं, शक्यतो रेसिंगचं. पॅड निम्म्याहून जास्त जाड आणि आधी बसवलेले. डिस्कवर तडे नाहीत याची खात्री. जवळ पॅडचा एक जास्तीचा जोड. मग ट्रॅकवर पहिली फेरी हळू, दोन-तीन फेऱ्या जोरात, शेवटची फेरी ब्रेक जवळपास न लावता. पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) आल्यावर हँडब्रेक ओढू नका आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. गिअरमध्ये टाका, चाकाला ठोकळा लावा.

माझ्या पहिल्या ट्रॅक डेला मी हे सगळं ऐकलं होतं, फक्त ऑइल ‘गेल्याच वर्षी बदललंय’ म्हणून सोडलं. चौथ्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी पेडल तळाला गेलं. पुढे मोकळी जागा होती म्हणून हे लिहायला इथे आहे.

15. ब्रेक ‘फेड’ झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे पेडलवरून कळतं का?

कळतं. पेडल कडक आहे, पाय जोरात दाबलाय, तरी गाडी सरकतेय आणि जळका वास येतोय: पॅड तापून पकड सोडतायत. पेडल मऊ होऊन खाली जातंय: ऑइल उकळलंय. पहिल्यात पॅड बदला, दुसऱ्यात ऑइल. दोन्हींत लगेच वेग कमी करून ब्रेकला वारा लागू द्या.

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल, तर तो फेड नव्हे. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, पॅडचा माल तिच्यावर कमी-जास्त चिकटलेला असतो किंवा जाडी असमान झालेली असते. तापलेले ब्रेक दाबून धरून उभं राहण्यानेच हे होतं. पुन्हा नीट बेडिंग करून कधी सुटतं, नाहीतर डिस्क बदलावी लागते.

16. घाट उतरताना न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं म्हणतात. आणि ऑटोमॅटिकमध्ये काय करायचं?

न्यूट्रल करू नका. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला इंधन जवळपास बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगपुरतं जळत राहतं. इंजिन बंद करून उतरणं तर जिवाशी खेळ आहे. पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि मग पेडल दगडासारखं होतं.

ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटाने जाताना जवळपास 1300 मीटर उतरायचं असतं. तिथे दुसरा-तिसरा गिअर हाच मुख्य ब्रेक. ऑटोमॅटिकमध्ये एल, 2 किंवा मॅन्युअल मोड वापरा. ब्रेक सतत हलका घासत ठेवू नका. थोडा जोरात दाबून वेग उतरवा आणि सोडून द्या.

17. आरटीओ आणि विमा कंपनी हरकत घेतील का?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. पॅड, ऑइल, त्याच मापाच्या डिस्क ही देखभाल आहे. पूर्ण किटसारखा बदल विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. वॉरंटीत असलेल्या गाडीबाबत बदलाआधी डीलरकडून लेखी घ्या. आणखी एक: ट्रॅकवर झालेलं नुकसान साध्या विम्यात सहसा येत नाही.

18. इलेक्ट्रिक गाडीत ब्रेक कमी वापरले जातात. मग काही बघायची गरज नाही ना?

गरज आहे, पण वेगळी. मोटरच गाडी हळू करत असल्याने डिस्क वापराविना गंजतात, पिना अडकतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा जोरात ब्रेक लावून डिस्क साफ करा. ऑइलला पाणी इथेही लागतंच.

एक फसवा अपवाद: बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मोटरला ऊर्जा ठेवायला जागा नसते आणि ती गाडी अडवत नाही. महाबळेश्वरला रात्रभर चार्जिंग करून सकाळी घाट उतरायला निघालात, तर सवयीचा तो ओढा गायब असेल आणि सगळा भार पॅडवर येईल. डोंगरावर मुक्काम असेल तर 80 टक्क्यांवर थांबा.

19. सगळं केलं, तरी घाटात पेडल खाली गेलं तर?

पेडल भराभर पंप करा, वाफेचे बुडबुडे दाबले जाऊन थोडा ब्रेक मिळू शकतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा, झटका देऊ नका. बटण असलेल्या इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या बऱ्याच गाड्यांत ते ओढून धरलं की गाडी नियंत्रितपणे थांबते. तुमच्या गाडीत तसं आहे का, ते आजच पुस्तिकेत पाहून ठेवा. हॉर्न, हॅझर्ड लाइट चालू ठेवा. इंजिन बंद करू नका. काहीच उरलं नाही, तर दरीची बाजू सोडून डोंगराच्या कडेच्या गटाराला किंवा मातीच्या कडेला गाडी घासवत न्या.

गाडी थांबल्यावर अर्ध्या तासाने पेडल परत कडक होईल आणि सगळं ठीक वाटेल. त्याच ऑइलवर एक किलोमीटरही पुढे उतरू नका. टो करून खाली आणा आणि ऑइल बदलूनच चालवा.